फूल सप्टेंबरात, फळ मेमध्ये

माती नको, पाणी नको, ऊनही बेताचंच पुरे. ऑगस्टच्या शेवटी कोल्चिकमचा एक कंद कोरड्या बशीत घालून खिडकीत ठेवून द्यावा. काही आठवड्यांत त्या तपकिरी, सुकलेल्या गड्ड्याच्या टोकातून फिकट जांभळी फुलं वर येऊ लागतात. एक नव्हे, चार-पाच. मुळं धड फुटलेली नाहीत, पानाचा मागमूस नाही, आणि फुलं मात्र चांगली वीतभर उंच. कंदांच्या व्यापाऱ्यांना याचा तापच होतो. वेळेवर विकले न गेलेले कंद गोदामात, खोक्यांतल्या अंधारातही फुलून बसतात.

ज्या झाडाला फुलण्यासाठी काहीच लागत नाही, त्यानं सगळी तयारी आधीच कुठेतरी करून ठेवलेली असणार. तशी ती असते. कोल्चिकम ऑटम्नेल या वनस्पतीचा सगळा संसार अशाच आगेमागे सरकवलेल्या वेळांवर चालतो. फूल एका ऋतूत, पान दुसऱ्या, फळ तिथेच पानांच्या सोबतीला. माणसाला झाड ओळखायला फूल आणि पान एकत्र दिसावं लागतं. या झाडात ते कधीच एकत्र दिसत नाहीत, आणि त्यापायी माणसं आजवर मेली आहेत.

ही वनस्पती युरोपातल्या ओलसर कुरणांची. आल्प्सच्या पायथ्याची, जर्मनी-फ्रान्समधली गवताळ खोरी, इंग्लंडचा पश्चिम भाग, खाली बाल्कनपर्यंत. सप्टेंबर उजाडतो तोवर तिथलं गवत कापून झालेलं असतं. थंडीची चाहूल लागलेली असते, बाकीची रानफुलं आटोपती घेत असतात. अशा वेळी त्या आखूड गवतात जमिनीतून थेट फुलं उभी राहतात. अंगावर एक पान नाही, म्हणून इंग्रज खेडुतांनी त्यांना विवस्त्र बाईची उपमा देणारं नाव ठेवलं. वैज्ञानिक नाव त्यामानानं सोज्वळ आहे. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्जियात, प्राचीन काळी कोल्किस नावाचा प्रदेश होता. ग्रीक पुराणातली विषविद्येत पारंगत असलेली मिडीया तिथलीच. तिच्या माहेरावरून हे कोल्चिकम.

आता फुलाजवळ जाऊ. जांभळट सहा पाकळ्या, त्यांच्याखाली पांढरा, नाजूक दांडा. पण तो दांडा नाहीच. त्या पाकळ्याच खाली एकमेकींना चिकटून त्यांची लांब नळी झालेली असते आणि ती नळी सरळ जमिनीत शिरते. आपण जिला फुलाचा देठ समजतो ते फुलाचंच अंग. मग फुलाचा तळ कुठे? जमिनीखाली, कंदाला बिलगून. अंडाशय तिथे आहे. म्हणजे मधमाशीसाठी मांडलेला देखावा वर उजेडात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप ते बीजांड खाली मातीत.

यातून एक विलक्षण प्रवास घडतो. मधमाशीनं आणलेला परागकण कुक्षीवर पडतो. डोळ्याला धड दिसणारही नाही एवढा तो कण. त्यातून परागनलिका निघते आणि कुक्षीवृंताच्या आत वाढत वाढत वीत-दीड वीत खोल जमिनीत उतरते. मक्याच्या कणसाचा प्रत्येक केस म्हणजे असाच एक लांबलचक कुक्षीवृंत असतो, तिथेही परागनलिका एवढीच मजल मारते. पण मक्याचं सगळं उघड्यावर चालतं. इथे शेवटचा टप्पा मातीखालचा.

फूल काही दिवसांत कोमेजतं, आडवं पडतं, कुजून जातं. कुरणावर पुन्हा काहीच दिसत नाही. मग पाला गळतो, बर्फ पडतं, वरची माती गोठते. कोवळं फळ खाली सुरक्षित असतं. गुरांच्या तोंडापासून लांब, हिमाच्या माऱ्यापासून लांब. वसंतात लांब, रुंद, तुकतुकीत हिरव्या पानांचा झुबका जमीन फोडून वर येतो आणि त्या पानांच्या मधोमध, ओंजळीत धरल्यासारखं, फुगीर हिरवं बोंड असतं. गेल्या सप्टेंबरातल्या फुलाचं फळ आता, एप्रिल-मेमध्ये, पहिल्यांदा सूर्य पाहतं. जून-जुलैत बोंड वाळून तडकतं. त्याला तीन कप्पे, आत गर्द तपकिरी, किंचित चिकट बिया. मुंग्या त्या ओढून नेतात, गुरांच्या खुरांना लागून त्या दुसऱ्या कुरणात पोचतात. पानंही तोवर पिवळी पडून जिरून गेलेली असतात. भर उन्हाळ्यात, गवत सर्वांत दाट असताना, कोल्चिकम जमिनीवर अस्तित्वातच नसतं.

मधल्या दोन-तीन महिन्यांत पानांनी जेवढं अन्न बनवलं, ते सगळं नव्या कंदात साठवलेलं असतं. दरवर्षी जुन्या कंदाच्या बुडाशी, बाजूच्या कोंबातून नवा कंद तयार होतो आणि जुना आक्रसून सालपटासारखा उरतो. बशीतलं ते बिनपाण्याचं फूल म्हणजे वसंतातल्या बचतीवर केलेला खर्च.

जुन्या युरोपीय वनस्पतिपंडितांची मात्र या झाडानं पुरती फजिती केली. वसंतात बोंड दिसतं, फूल शरदात. साहजिकच त्यांना वाटलं की इथे आधी फळ धरतं आणि मग फूल येतं. त्यांनी लॅटिनमध्ये त्याला ‘बापाआधीचा मुलगा’ असं नावच देऊन टाकलं. जमीन उकरून पाहिल्याशिवाय हा घोळ मिटणारा नव्हता.

पानांआधी फूल ही कल्पना आपल्याला अगदीच अनोळखी नाही. भुईचाफा असाच उन्हाळ्यात उघड्या जमिनीतून फुलतो आणि त्याची पानं पावसाळ्यात, वरातीमागून घोडं यावं तशी उगवतात. शरदातल्या फुलाचं त्याहून ओळखीचं उदाहरण म्हणजे केशर. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात केशर फुलतं तेही असंच जमिनीलगत, जांभळं, लांब नळीचं, आणि त्याचाही अंडाशय जमिनीखालीच. दोघं इतकी सारखी दिसतात की इंग्रजीत कोल्चिकमला कुरणातलं केशर म्हणतात. नातं मात्र काही नाही. केशराचं कुळ वेगळं, कोल्चिकमचं वेगळं. फरक मोजता येतो: केशराच्या फुलात पुंकेसर तीन, कोल्चिकमच्या फुलात सहा. केशराचा एकच कुक्षीवृंत वर जाऊन तीन लाल तंतूंत फाटतो, कोल्चिकमचे तिन्ही कुक्षीवृंत पार तळापासून वेगळे.

दोन परक्या कुळांना एकच युक्ती सुचावी याचं कारण बहुधा हवामानात आहे. कोल्चिकमच्या शंभरेक जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ तुर्कस्तान आणि त्याच्या भोवतालच्या मुलखात आढळतात. केशराच्या भाऊबंदांचं घरही साधारण तेच. तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस शरदापासून पुढे. अशा मुलखात उन्हाळाभर कंदात दडून बसणं आणि उन्हं उतरताच, इतर फुलांची गर्दी नसताना, फुलून घेणं यात शहाणपण आहे.

इथवर सगळं सुंदर. आता विषाकडे.

मार्च-एप्रिलमध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया या भागांत लोक पिशव्या घेऊन रानात जातात, रानलसणाची पानं खुडायला. ही तिकडची मोसमी रानभाजी; आपल्याकडे टाकळा-कुर्डू निघावा तशी. तिचं सूप करतात, वाटून पावाला लावतात. ही पानं आणि कोल्चिकमची पानं एकाच सुमारास, कधी कधी एकाच उतारावर उगवतात. जाणत्याला फरक कळतो. रानलसणाचं प्रत्येक पान स्वतःच्या देठावर एकेकटं येतं, मऊ असतं, मागून निस्तेज असतं. कोल्चिकमची पानं बिनदेठाची, कडक, चकचकीत आणि एकमेकांना कवटाळून एकाच जागेतून निघालेली. बहुतेक लोक मात्र वासावर विसंबतात, आणि वास दगा देतो. दहा पानं लसणाची खुडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो. अकरावं पान कुठलंही असो, त्यालाही तोच वास येणार. जांभळं फूल जवळ असतं तर कोणीही सावध झालं असतं. पण ते फुलून गेलेलं असतं सहा महिन्यांपूर्वी.

खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, हे या विषाचं सर्वांत वाईट लक्षण. कित्येक तास माणूस ठणठणीत असतो. मग उलट्या, पोटात मुरडा, पटकी झाल्यासारखे जुलाब. पुष्कळदा हे पोट बिघडल्याचं समजून दुर्लक्ष होतं. एक-दोन दिवसांनी खरा घाला पडतो: रक्तपेशी घटतात, मूत्रपिंड, यकृत, हृदय एकामागून एक ढासळू लागतात. यातून जो वाचतो त्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळायला लागतात. मग पुन्हा उगवतात. यावर नेमका उतारा म्हणून कुठलंही औषध सहज मिळत नाही. फ्रान्समध्ये प्रतिपिंडांचे तुकडे टोचून एक रुग्ण वाचवल्याची नोंद १९९५ साली वैद्यकीय नियतकालिकात आली, पण ते औषध बाजारात आलं नाही. उपचार म्हणजे रुग्णालयात शरीराला सावरून धरणं, एवढंच. शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

आतडं, रक्त, केस. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? मला या साऱ्या कहाणीत हा प्रश्न सर्वांत रंजक वाटतो. आतड्याचं अस्तर, हाडांतला रक्तपेशी घडवणारा मगज आणि केसांची मुळं या तीन जागी शरीरातल्या पेशी सतत, भराभरा विभागत असतात. विष नेमकं विभाजनावरच घाव घालतं.

पेशी दुभंगायच्या आधी तिची गुणसूत्रं दुप्पट होतात, मधोमध रांगेत उभी राहतात आणि दोन्ही बाजूंच्या सूक्ष्मनलिका त्यांना ओढून वेगळं करतात. या नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकापुढे एक जोडून बनतात. कोल्चिकममधलं कोल्चिसिन हे द्रव्य ट्युब्युलिनच्या कणाला जाऊन चिकटतं. असा बाटलेला कण नलिकेच्या टोकाला बसला की पुढची जोडणी खुंटते. गुणसूत्रं रांगेत उभी, ओढणारं कोणी नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि बहुधा मरते. पेशींना आपली वेळ आली की मगच विषाचा फटका बसतो, म्हणून लक्षणंही रेंगाळत येतात. सिसिलीतल्या पालेर्मो इथे पेर्निचे नावाच्या वैद्यानं १८८९ सालीच हे अडकलेलं विभाजन पाहून नोंदवलं होतं. कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. आणि गंमत अशी की ट्युब्युलिनचा शोधच या विषामुळे लागला. शिकागोत बोरिसी आणि टेलर यांनी १९६७ साली कोल्चिसिन पेशीत नेमकं कोणाला चिकटतं याचा माग काढला, तेव्हा ते प्रथिन हाती आलं.

मग झाड स्वतःच कसं मरत नाही? वनस्पतींचं ट्युब्युलिन प्राण्यांच्या ट्युब्युलिनहून थोडं वेगळं असतं, कोल्चिसिन त्याला फारच दुबळं चिकटतं. त्यामुळे इतर वनस्पतींवर परिणाम घडवायलाही मात्रा पुष्कळ जास्त लागते. आणि कोल्चिकमवर तर तेवढ्यानंही काही होत नाही.

या भरपूर मात्रेतून शेतीचं एक नवं दालन उघडलं. अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी १९३७ साली कोल्चिसिन वापरलं ते, योगायोग पाहा, धोतऱ्यावर. दोन विषारी झाडांची ही गाठ. वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रं दुप्पट झाली, पण वेगळी ओढली गेली नाहीत. पेशी मेली नाही, दुप्पट गुणसूत्रं घेऊन तशीच वाढत राहिली. हवी तेव्हा गुणसूत्रं दुप्पट करण्याची किल्ली प्रजननतज्ज्ञांना मिळाली. जपानी शास्त्रज्ञ किहारा यांनी याच मार्गानं बिनबियांचं कलिंगड घडवलं. गहू आणि राय यांच्या संकरातून आलेलं ट्रिटिकेल एरवी वांझ राहत होतं, त्याला बी धरू लागलं ते कोल्चिसिनमुळे.

माणसाची गुणसूत्रं किती, याचं उत्तरही इथूनच आलं. तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, गुंतलेली दिसत. मोजणारा अंदाजानंच मोजे. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जावाचा जो हिन चिओ आणि त्याचा सहकारी आल्बर्ट लेवान यांनी पेशींना आधी कोल्चिसिन दिलं. पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर, गुणसूत्रं सर्वांत आखूड आणि ठळक असताना थबकल्या. त्यांना पातळ द्रावणात फुगवल्यावर गुणसूत्रं सुटी पसरली. मोजली तर ४६. लेवान पूर्वी कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचे प्रयोग करत असे. तो अनुभव माणसाच्या पेशीवर कामी आला. आजही गर्भातल्या बाळाची गुणसूत्रं मोजायची तर प्रयोगशाळेत पेशी थबकवायला कोल्चिसिनचंच भावंड वापरतात.

औषध म्हणून या झाडाची ख्याती संधिवातातल्या एका प्रकाराची, गाऊटची. युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, बहुधा पायाच्या अंगठ्यात, आणि रात्री अचानक असा ठणका लागतो की चादरीचा स्पर्श सोसवत नाही. खरं तर ठणका स्फटिकांमुळे कमी आणि त्यांच्यावर चालून येणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे जास्त असतो. त्या पेशींना सरकायलाही सूक्ष्मनलिका लागतात. अगदी थोड्या कोल्चिसिननं त्यांचे पाय जड होतात आणि दाह ओसरतो.

हे कळायला मात्र फार काळ लागला. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानं कोल्चिकमचं वर्णन केलं ते औषध म्हणून नव्हे, तर लोकांनी खाण्याचा कंद समजून ते खाऊ नये म्हणून. व्हिएन्नाच्या श्टोर्कनं १७६३ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. विषारी झाडं तपासून पाहण्याचा त्याला नादच होता. पुढे हुसॉं नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं गाऊटवर एक गुप्त ‘औषधी जल’ विकून नाव कमावलं. त्याच्या बाटलीत कोल्चिकम असल्याचं इंग्लंडमधल्या जॉन वॉंटनं १८१४ साली दाखवून दिलं. त्यातलं द्रव्य वेगळं काढण्याचा पहिला प्रयत्न १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या जोडीनं केला; क्विनाइन शोधणारे तेच हे दोघे. १८३३ मध्ये गायगरनं त्याला कोल्चिसिन हे नाव दिलं. औषधाच्या कपाटात ते आल्यावर गैरवापरही आलाच. कॅथरिन विल्सन ही लंडनची परिचारिका रुग्णांशी गोड बोलून मृत्युपत्रात आपलं नाव घालून घ्यायची. तिच्यावर कोल्चिकम पाजून जीव घेतल्याचे आरोप झाले, आणि १८६२ साली ती जाहीरपणे फासावर गेली.

डॉक्टरांना आजही या औषधाशी जपूनच वागावं लागतं, कारण गुण देणारी मात्रा आणि घात करणारी मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. तरी त्याचा मान वाढतोच आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२३ साली हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी कमी मात्रेतल्या कोल्चिसिनला मान्यता दिली.

युरोपातल्या शेतकऱ्याला मात्र हे कौतुक परवडत नाही. कुरणात गुरं कोल्चिकमची हिरवी पानं सहसा टाळतात, पण सुकलेल्या गवताच्या भाऱ्यात ती ओळखू येत नाहीत आणि वाळल्यानं विषही जात नाही. मुख्य उपाय म्हणजे वसंतात पानं वर असताना, कंदात अन्न साठायच्या आत कापणी करायची. पण रानफुलं, कीटक आणि पक्षी जगावेत म्हणून राखलेल्या कुरणांत कापणी उशिरा करायची असते, आणि उशिराची कापणी कोल्चिकमला मानवते. निसर्ग राखावा तर चारा विषारी, चारा जपावा तर फुलं जातात. हा पेच मला तरी सुटण्यासारखा दिसत नाही.

आणि आपल्याकडे? काश्मीरकडच्या डोंगरांत बर्फ वितळताच पिवळं फुलणारं कोल्चिकम ल्यूटियम आहे. युनानी हकीम सांधेदुखीवर देतात ते सुरंजान याच घराण्यातलं. पण सह्याद्रीतल्या माणसाला या कुळातली एक वेल त्याहून चांगली ठाऊक आहे: कळलावी. गौरी-गणपतीच्या सुमारास कुंपणावर, रानाच्या कडेला पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलते ती अग्निशिखा. वेल आणि कोल्चिकम शेजारी ठेवले तर कोणी त्यांना नातेवाईक म्हणणार नाही. पण सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, जमिनीखालचा कंद आणि कोल्चिसिन दोघांत आहे. श्रीलंकेत कळलावीचा कंद पोटात गेलेल्या एका रुग्णाचे अंगावरचे झाडून सगळे केस गळाल्याची नोंद १९६६ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. युरोपातल्या रुग्णांसारखंच.

झाड कोल्चिसिनचा रेणू घडवतं तरी कसं, हे कोडं अलीकडे सुटलं तेही प्रामुख्यानं कळलावीमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ सॅटली यांच्या गटानं तिची जनुकं तपासून कोल्चिसिन बनवण्याची जवळजवळ सगळी साखळी शोधली आणि ती जनुकं तंबाखूच्या एका रानटी भावंडात घातली. त्या रोपानं कोल्चिसिनच्या अगदी अलीकडचा रेणू बनवून दाखवला. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. तरी तमिळनाडूत शेतकरी अजूनही कळलावीचे मांडव घालतात. तिचा कुक्षीवृंत फुलाबाहेर काटकोनात वळलेला असतो, पुंकेसरांपासून लांब, त्यामुळे आपोआप बी कमीच धरतं. म्हणून फुलाच्या हंगामात मजूर सकाळी वेलीवेलींतून फिरतात आणि फुलाफुलाला हातानं पराग लावतात. मिळालेलं बी कोल्चिसिन काढण्यासाठी परदेशी कारखान्यांकडे जातं.